वाचकांचे प्रश्न: वीज गेल्यावर बेसमेंटमधलं पाणी कोण उपसणार?

प्रश्न: ताई, सप्रेम नमस्कार. आम्ही सहा वर्षांपासून एडिसनला राहतो. बेसमेंट व्यवस्थित करून घेतलंय, आई-बाबा भारतातून येतात तेव्हा तिथेच झोपतात. खाली झिरपणारं पाणी जमा होतं त्या खड्ड्यात विजेवरचा संप पंप आहे. मागच्या महिन्यात वादळात चार तास वीज गेली आणि मी आणि बायको आळीपाळीने बादलीने पाणी उपसत राहिलो. प्लंबर म्हणतो, बॅटरीच्या नादी लागू नका, नळाच्या पाण्यावर चालणारा बॅकअप पंप बसवा. पाण्याने पाणी कसं उपसतात तेच मला कळेना. हा पंप खरंच चालतो का? मी स्वतः बसवू शकेन का?
*– एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी*

उत्तर: नमस्कार. आधी मला सांगा, तासाला किती बादल्या झाल्या? बायकोला विचारा, तिच्या लक्षात असेल. इथली हार्डवेअरच्या दुकानातली बादली पाच गॅलनची, म्हणजे सुमारे एकोणीस लिटरची. तासाला वीस बादल्या निघाल्या असतील तर शंभर गॅलन झाले. या आकड्याशिवाय कुठलाही पंप विकत घेऊ नका. दुकानदार त्याच्या पंपाचा आकडा सांगेल, तुमच्या खड्ड्याचा आकडा तुम्हालाच माहीत हवा.

आता पाण्याने पाणी कसं उपसतात ते. माझे वडील किर्लोस्करवाडीला पंपाच्या कारखान्यात होते आणि आमच्या शेतातल्या बोअरवर जेट पंप होता. तुमच्या गावाकडेही असेल. मोटर वर, जमिनीवर. बोअरमध्ये दोन पाइप. एका पाइपातून मोटर पाणी दाबाने खाली पाठवते, ते तळाशी एका बारीक तोंडातून जोरात सुटतं, दुसऱ्या पाइपात शिरतं आणि जाताना बोअरमधलं पाणी ओढून वर घेऊन येतं. तोंड अरुंद झालं की पाण्याचा वेग वाढतो, वेग वाढला की तिथला दाब उतरतो आणि भोवतालचं पाणी त्या कमी दाबाकडे धावतं. व्हेंच्युरी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाचं नाव त्याला आहे. लहानपणी वडिलांनी मला हे डास मारायच्या फ्लिटच्या पिचकारीवर दाखवलं होतं. दट्ट्या दाबला की हवा नळीच्या तोंडावरून जाते आणि डब्यातलं औषध आपोआप वर चढतं.

तुमच्या प्लंबरचा पंप म्हणजे हाच जेट. फरक एवढाच की मोटरच्या जागी टाउनशिपच्या, म्हणजे इथल्या गावच्या नगरपालिकेच्या, नळाचा दाब आहे. वीज गेली तरी हा दाब सहसा राहतो, कारण पाण्याची टाकी उंचावर असते आणि पाणीपुरवठ्याच्या केंद्रांवर जनरेटर असतात. पंपाला मोटर नाही, बॅटरी नाही. खड्ड्यातला फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारा गोळा, वर आला की दांडीने व्हॉल्व्ह उघडतो आणि उपसा सुरू होतो. चांगल्या पंपात नळाचं एक गॅलन पाणी खड्ड्यातलं साधारण दोन गॅलन उचलतं, आणि तिन्ही गॅलन मिळून घराबाहेर पडतात. म्हणजे प्यायचं पाणी खर्च होतं. ते मनाला लागतं हे मला कळतं, मी सांगली जिल्ह्यातली आहे. पण हे वर्षातून काही तासांपुरतं आहे, आणि त्याचा हिशेबही मांडता येतो. तासाला शंभर गॅलन उपसायचे तर नळाचे पन्नास गेले. बिलावर हजार गॅलनचा दर असतो, त्याने गुणून बघा.

चालतो का, याचं उत्तर तुमच्या नळाच्या दाबावर आहे. दुकानातून बागेच्या नळाला बसणारा प्रेशर गेज आणा, दहा-पंधरा डॉलरला मिळतो. बाहेरच्या नळाला लावा आणि आकडा वाचा. मग घरातला टबाचा नळ आणि स्वयंपाकघरातला नळ दोन्ही पूर्ण सोडा आणि पुन्हा वाचा. बहुतेक लोक पहिलाच आकडा धरून चालतात, तिथे फसतात. पाणी वाहत असताना जो दाब उरतो तोच पंपाला मिळतो. हे पंप चाळीस पीएसआयच्या (दर चौरस इंचावर इतके पाउंड, हे दाबाचं माप) खाली नीट ओढत नाहीत. साठ असतील तर उत्तम.

आणि त्या आकड्यातूनही वजाबाकी करायची आहे. नळाच्या लाइनवर बॅकफ्लो प्रिव्हेंटर, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारा व्हॉल्व्ह, बसवावा लागतो. अनेक टाउनशिप आरपीझेड (रिड्यूस्ड प्रेशर झोन) या कडक जातीचाच मागतात आणि त्याची दरवर्षी प्रमाणित माणसाकडून तपासणी मागतात. आरपीझेडमधून जाताना दहा-बारा पीएसआय दाब पडतो. म्हणजे गेजवर बावन्न दिसले तरी पंपाच्या तोंडाशी चाळीसच. प्लंबरला हे विचारा. त्याने आरपीझेडची वजाबाकी केली नसेल तर त्याने सांगितलेला उपशाचा आकडा कागदावरचाच राहील.

या प्रिव्हेंटरवर पैसे वाचवू नका, एवढी कळकळीची विनंती. खड्ड्यात काय असतं? माती, हिरवळीवर मारलेलं औषध, कधी मेलेला उंदीर. हा खड्डा आणि तुमच्या चहाचं पाणी यांना हा पंप एका पाइपने जोडतो. रस्त्यावर आग लागली, बंबवाल्यांनी हायड्रंट उघडला किंवा मोठी लाइन फुटली, तर नळातला दाब एकदम पडतो आणि पाणी उलटं ओढलं जाऊ शकतं. मध्ये प्रिव्हेंटर नसेल तर तुमच्या खड्ड्यातलं पाणी तुमच्याच नव्हे, शेजाऱ्याच्याही नळात जाऊ शकतं. काही गावांत म्हणूनच या पंपाला परवानगी नाही. टाउनशिपच्या बांधकाम खात्यात आधी फोन करा, परमिट काढा, मगच पंप घ्या.

स्वतः बसवायचं म्हणता, तर माझं मत असं. मीटरपासून प्रिव्हेंटरपर्यंतचं काम परवानाधारक प्लंबरकडून करून घ्या. त्यापुढचं, म्हणजे पंप, फ्लोट आणि बाहेर जाणारा पाइप, हाताला सवय असेल तर तुम्हाला जमेल. तरी प्लंबर काम करत असताना शेजारी उभे राहा आणि हे बघा.

लाइन मीटरनंतर लगेच फोडावी, फिल्टर किंवा सॉफ्टनरच्या आधी, आणि ती पाऊण इंचाची हवी. स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या अर्ध्या इंची पाइपातून फोडली तर सगळं मुसळ केरात. आरपीझेड जमिनीपासून वर, डोळ्यांना दिसेल आणि हाताला येईल असा बसवावा. त्याच्या पोटातून अधूनमधून पाणी गळतं, तो त्याचा धर्मच आहे. म्हणून तो खड्ड्यात कधीही बसवायचा नाही.

पंपाचे दोन प्रकार मिळतात. एक खड्ड्यात बुडून बसतो, दुसरा वर भिंतीला किंवा छताच्या तुळईला टांगतात आणि फक्त ओढीचा पाइप आणि फ्लोट खाली सोडतात. अठरा इंची खड्ड्यात आधीच एक पंप असेल तर मी टांगलेला घेईन. खाली गर्दी झाली की एकाचा फ्लोट दुसऱ्याच्या वायरीत अडकतो, आणि पंप न चालण्याचं मी सर्वांत जास्त पाहिलेलं कारण हा अडकलेला फ्लोटच आहे. बॅकअपचा फ्लोट मुख्य पंपाच्या फ्लोटपेक्षा काही इंच वर ठेवा. वीज असताना त्याने उठूच नये.

बाहेर जाणारा पाइप शक्यतो वेगळा टाका. एकाच पाइपात दोन्ही पंप सोडायचे तर प्रत्येकाला स्वतःचा चेक व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, हवा. मुख्य पंपाच्या पाइपाला चेक व्हॉल्व्हच्या खाली एक बारीक भोक असतं ना, त्यातून पाण्याची चिळकांडी उडते म्हणून ते बुजवू नका. ते नसलं की पंप हवा धरतो, मोटर फिरत राहते आणि पाणी जागचं हलत नाही. विहिरीवरच्या मोटरीने हवा धरली की आपण काय करायचो ते आठवा. पाणी सोडायचं ते भिंतीपासून किमान दहा फुटांवर आणि उतारावर, आणि ड्रेनेजच्या लाइनला तर कधीच जोडायचं नाही. जवळ सोडलंत तर तेच पाणी फिरून खड्ड्यात येतं आणि पंप तेच तेच पाणी उपसत राहतो.

बॅटरीचा पंप वाईट नाही. ज्यांच्या खड्ड्यात पाण्याचा लोंढा येतो त्यांना तोच बरा, कारण त्याचा उपसा जास्त असतो. पण बॅटरी काही तासांत उतरते आणि तीन ते पाच वर्षांत बदलावी लागते, आणि नेमकी ती बदलायचीच राहते. तासाला शंभर-दोनशे गॅलन येत असतील आणि वीज दीड दिवस जाऊ शकत असेल तर मी नळावरचा पंप घेईन.

आई-बाबा खाली झोपतात म्हणालात, म्हणून हे वेगळं लिहिते. संप पंप जमिनीतून झिरपून येणाऱ्या पाण्यासाठी आहे. रस्त्यावरचं पाणी खिडकीतून किंवा दारातून आत येऊ लागलं तर कुठलाही पंप पुरा पडत नाही. १ सप्टेंबर २०२१ च्या रात्री, आयडा वादळाच्या उरलेल्या पावसात, न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये एका तासात तीन इंचांहून जास्त पाऊस पडला आणि शहरातल्या बेसमेंटच्या घरांत माणसं बुडून गेली. पुराचा इशारा आला की त्या रात्री आई-बाबांची अंथरुणं वरच्या मजल्यावर घाला. पंप असला तरी.

घराच्या विम्याचा कागदही एकदा काढून बघा. संप भरून वाहिला तर होणारं नुकसान नेहमीच्या पॉलिसीत सहसा नसतं, वेगळी पुरवणी घ्यावी लागते.

---

प्रश्न: ताई, आमच्याकडे नळाच्या पाण्यावरचा बॅकअप पंप २०१९ पासून आहे. बसवला तेव्हा प्लंबरने चालवून दाखवला. आजवर काहीच तक्रार नाही. त्याला मेंटेनन्स नाही असं डब्यावरच लिहिलंय. तरी तपासावा का? कसा?
*– एक वाचक, पिस्कॅटवे*

उत्तर: तक्रार नाही, कारण त्याला कामच पडलेलं नाही. तपासाच. हे मी माझ्या घरच्या अनुभवावरून सांगते आणि ते आठवलं की अजून वाईट वाटतं.

आमचा पंप २०१७ चा. बसवला त्या दिवशी चालवून बघितला, नंतर नाही. त्याच आयडाच्या रात्री नऊच्या सुमारास वीज गेली. गणपती दहा तारखेला होते, म्हणून यजमानांनी मखर रंगवायला बेसमेंटमध्ये जमिनीवर उभं केलेलं. मी टॉर्च घेऊन खाली गेले. खड्डा काठोकाठ भरलेला, फ्लोट वर तरंगतोय, दांडी ओढली गेलेली, आणि पंप मुका. एक थेंबाचा आवाज नाही. पाणी काठ ओलांडून गालिच्याखाली शिरताना दिसत होतं. मला वाटलं पंपच गेला. तो उघडायला पाना शोधला, खड्ड्यात हात घातला, वीस मिनिटं त्यात गेली. मग टॉर्चचा झोत सहज वर गेला. छताजवळ पंपाच्या लाइनवरचा बॉल व्हॉल्व्ह, त्याचं पिवळं हँडल पाइपाला आडवं. जुलैत पाणी तापवायचा बंब बदलायला माणूस आला होता, त्याने जाताना तो उघडला नव्हता. मीही बघितलं नव्हतं. स्टुलावर चढून पाव फेरा फिरवला. सूंऽऽ असा आवाज, पाइप थरथरला, आणि पाणी उतरायला लागलं.

मखराची प्लायवूड खालून फुगली, ती पुन्हा कापून बसवली. पण पुठ्ठ्याच्या खोक्यात वडिलांच्या कारखान्यातल्या दोन वह्या होत्या, शाईने लिहिलेल्या, पंपांच्या चाचण्यांचे आकडे. त्यांची पानं निळी होऊन गेली. ज्या माणसाने आयुष्यभर पंप तपासून मगच कारखान्याबाहेर जाऊ दिले, त्याच्या वह्या न तपासलेल्या पंपामुळे भिजल्या.

त्यानंतर मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबरच्या पहिल्या रविवारी मी हे करते. अर्ध्या तासाचं काम आहे.

मुख्य पंपाचा प्लग काढते आणि घराच्या किल्ल्या त्या प्लगला अडकवून ठेवते. चाचणी झाल्यावर प्लग परत लावायचा राहून जातो. किल्ल्या तिथे असल्या की घराबाहेर पडताना आठवतोच. मग खड्ड्यात बादलीने पाणी ओतते. अठरा इंच व्यासाच्या खड्ड्यात एक इंच म्हणजे एक गॅलन आणि थोडं वर, सुमारे चार लिटर. पाच गॅलनच्या बादलीने पाणी साडेचार इंच चढतं, तीन बादल्या पुरतात. खड्ड्यात एक लाकडी पट्टी उभी केलीय, तिच्यावर इंचांच्या खुणा आहेत. फ्लोट कुठल्या खुणेला उठला ते लिहून ठेवते. व्हॉल्व्ह उघडल्याचा आवाज एकदम आला पाहिजे. आधी बारीक फिसफिस आणि मग जोर असं झालं तर दांडी कुठेतरी घासतेय.

पंप सुरू झाला की घड्याळ लावते. आमच्याकडे आठ इंच पाणी उतरायला चाळीस सेकंद लागतात, म्हणजे तासाला आठशे गॅलनच्या जवळपास. तुमचा आकडा वेगळा असेल, पण पहिल्या दिवशीचा आकडा भिंतीवर लिहून ठेवा. चाळीसचे साठ झाले तर तोंडात कचरा आहे किंवा नळाचा दाब उतरलाय. हवं तर त्याच वेळी पाण्याच्या मीटरचा आकडा आधी आणि नंतर वाचा. आठ-नऊ गॅलन उपसायला चार-पाच गॅलन नळाचे गेले असतील तर पंप ठीक आहे. दहा गेले तर नाही.

पंप चालू असताना यजमान बाहेर पाइपाच्या तोंडाशी उभे असतात. धार जाड आणि सरळ हवी. डिसेंबरमध्ये हे मुद्दाम बघा. पाइपात बर्फ धरलेला असला तर पंप कितीही चांगला असो, पाणी जाणार कुठे?

शेवटची गोष्ट, जी बहुतेक जण करत नाहीत. पंप थांबला की लगेच वर येऊ नका. पाच मिनिटं तिथेच थांबा, बोलू नका, कान द्या. फिसफिस किंवा टपटप ऐकू आली तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटलेला नाही. मग नळाचं पाणी रात्रंदिवस खड्ड्यात गळत राहतं आणि मुख्य पंप ते गुपचूप बाहेर टाकत राहतो. तुम्हाला ते थेट तीन महिन्यांनी बिलात दिसतं.

हे सगळं झालं की मुख्य पंपाचा प्लग लावा आणि आणखी दोन बादल्या ओतून तोही चालवून बघा. तीन महिन्यांत तोसुद्धा अडकलेला असू शकतो.

त्या पिवळ्या हँडलला मी आता नाडाछडी बांधलीय, हँडल आणि पाइप एकत्र, उघड्या स्थितीत. ज्याला तो बंद करायचा त्याला आधी ती कापावी लागेल, आणि कापलेली दिसली की मला कळेल. गौरीच्या पूजेतून उरलेली नाडाछडीची गुंडाळी तशीच बेसमेंटमध्ये ठेवलीय, दरवर्षी नवी बांधते.

---

प्रश्न: आमचं घर हिल्सबरोच्या बाहेर आहे, पाणी स्वतःच्या विहिरीचं. आम्हाला हा पंप चालेल का?

उत्तर: नाही. वीज गेली की तुमच्या विहिरीचा पंपही बंद पडतो. दाबाच्या टाकीत जे थोडं पाणी उरलेलं असतं ते काही मिनिटांत संपेल. तुम्ही बॅटरीचा पंप घ्या, किंवा जनरेटर. जनरेटर मात्र घरात नको, गॅरेजमध्येही नको, दार उघडं ठेवूनसुद्धा नको. त्याच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास येत नाही आणि माणूस झोपेतच जातो.

---

प्रश्न: ताई, मी फिलाडेल्फियात असतो, आई-वडील पुण्यात. त्यांच्या सोसायटीच्या बेसमेंट पार्किंगमध्ये पावसाळ्यात पाणी भरतं आणि नेमकी तेव्हाच वीज जाते. असा पंप तिथे पाठवला तर?

उत्तर: पाठवू नका. आपल्याकडे सोसायटीत ‘संप’ म्हणजे महापालिकेचं पाणी साठवायची जमिनीखालची टाकी, आणि इथे संप म्हणजे जमिनीतून झिरपलेलं पाणी जमा होणारा खड्डा. मेकॅनिकला फोनवर समजावताना इथूनच घोळ सुरू होईल. पालिकेचं पाणी दिवसातून ठरावीक वेळ येतं, त्याचा दाब अशा पंपाला पुरणारा नसतो. गच्चीवरच्या टाकीचं पाणी वापरायचं म्हटलं तर वीस मीटर उंचीवरून तळाशी जेमतेम अठ्ठावीस-एकोणतीस पीएसआय मिळतो, आणि वीज नसताना ती टाकी पुन्हा भरणारही नाही. पाणी उपसण्याच्या नादात सगळी इमारत कोरडी पडेल.

सोसायटीत लिफ्टसाठी जनरेटर असेलच. बेसमेंटचा उपसा पंप त्या जनरेटरच्या लाइनवर आहे का, एवढं वडिलांना सेक्रेटरीला विचारायला सांगा. पुष्कळ इमारतींत तो नसतो, आणि इलेक्ट्रिशियनला ते काम एका दिवसाचं आहे. मे महिन्यात करून घ्या, आणि लाइट घालवून, जनरेटर लावून, खड्ड्यात पाणी सोडून तो चालताना वडिलांनी स्वतः उभं राहून बघितला पाहिजे. तुम्ही व्हिडिओ कॉलवर राहा.